तालगाव ते बेळगाव, पाच पर्जन्यमापके: प्रकल्प नोंदी

१४ मार्च

पाचही जागा आज पक्क्या झाल्या. गोव्यात पणजीजवळच्या तालगावात धाकट्या बहिणीचे परसू, साखळीत माझ्या शाळेतल्या सहकारी बाईंचे अंगण, मग आमचे घर, म्हणजे वाळपईच्या पुढचा म्हादईकाठचा गाव. चौथी जागा चोर्ला घाट चढून गेल्यावर सुर्ल्याजवळ, चहाचे दुकान चालवणाऱ्या काकांच्या घरामागे. पाचवी बेळगावात, मामांच्या अंगणात. किनाऱ्याच्या सपाटीवरून निघायचे, सह्याद्री चढायचा आणि पलीकडच्या पठारावर थांबायचे, अशी ही सरळ ओळ आहे. रस्त्याने शंभर किलोमीटरच्या थोडी पुढे. पलीकडे घाट उतरावा लागत नाही, कारण बेळगावच साधारण ७५० मीटर उंचीवर बसले आहे.

हे सगळे कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. २३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत शेकडो घरांची नासधूस झाली. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सांगितले गेले. माझ्या आत्याच्या घराच्या मागच्या दोन भिंती मातीच्या होत्या. पाणी ओसरल्यावर त्या जागच्या जागी बसल्या. आम्ही आदल्या रात्रीपासून आमच्या अंगणातल्या पावसावरून अंदाज बांधत होतो. पाऊस थोडा कमी झाला की हायसे वाटायचे. पण नदी आमच्या अंगणातल्या पावसाने भरत नाही, ती घाटावरच्या पावसाने भरते. हे शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बाईला त्या रात्री सुचले नाही.

म्हणून प्रश्न एकच ठेवला आहे. घाटावर पडलेला पाऊस मोजून खाली फोन केला, तर आत्याला सामान हलवायला पुरेसा वेळ मिळतो का?

२८ मार्च

अजून मापके आलेली नाहीत, पण वाऱ्याची वही सुरू केली. गेले चार दिवस सकाळी वारा पूर्वेचा आहे, घाटाकडून खाली येणारा. कोरडा इतका, की धुतलेली चादर तासाभरात कडक होते. दुपारी दोनच्या सुमारास पश्चिमेचा खारा वारा पोचला की हवा एकदम ओलसर होते आणि पारा चढायचा थांबतो. तालगावात बहिणीकडे हाच वारा अकरा वाजता आलेला असतो. समुद्र आणि आमचा गाव यांच्यात उन्हाळ्यात एवढाच फरक, पण तो रोजचा.

पठारावरची हवा घाट उतरते तेव्हा दाबाने तापते. कोरडी हवा हजार मीटर खाली आली तर जवळजवळ १० अंशांनी तापते, म्हणजे बेळगावच्या उंचीवरून समुद्रसपाटीला येईपर्यंत सातेक अंश. मार्च २०२३ मध्ये असेच झाले होते. पूर्वेचा वारा जोरात होता, खारे वारे उशिरा येत होते. ९ आणि १० मार्चला शाळा दुपारी बारापर्यंत सोडायचा आदेश निघाला. त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर वणवे लागले होते. आमच्या व्हरांड्यातून रात्री डोंगरावर लाल रेघ दिसायची. सकाळी तुळशीच्या पानांवर राख असायची.

गोव्यात ऊन म्हटले की लोक समुद्राकडे बघतात. मार्चमध्ये मात्र घाटाकडे बघायला हवे.

१९ एप्रिल

मापके आली. फायबरची, तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, आत ४ लिटरची बाटली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, तेव्हा या तोंडातून एक मिलिमीटरला २० मिलिलिटर जमायला हवे. बाटली २०० मिलिमीटरला भरते. मोजायचा काचेचा पेला वेगळा.

बसवायचे नियम साधे आहेत, पण पाळायला कठीण. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर आणि अगदी सपाट. आसपास झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. आमचे घर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. पोफळी चाळीस फुटांच्या, म्हणजे ऐंशी फूट मोकळे हवे. अंगणात ते शक्यच नव्हते. शेवटी खळ्यात चिऱ्यांचे जोते बांधून त्यावर बसवले. घरापासून दोन मिनिटे चालावे लागेल, पावसात त्याची पाच होतील.

साखळीच्या बाईंनी मापक माडाच्या सावलीत ठेवले होते. "ऊन लागून बाटली तडकेल," म्हणाल्या. झावळीवरून ओघळणारे पाणी मापकात पडले तर पावसाचा आकडा खोटा येतो, हे समजावून जागा बदलली.

वाचन रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याची वेळही तीच आहे. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. हे बहिणीला तीनदा सांगितले, कारण ती "कालचा पाऊस" कालच्या रकान्यात लिहायला बघत होती.

११ मे

पहिला वळीव. सुर्ला २२, आमच्याकडे ९, साखळी २, तालगाव कोरडे, बेळगाव ३१ (हा आकडा २५ जूननंतर निम्मा केला: १५.५).

दुपारी तीनला घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहिले. खाली काळे, वर फुलकोबीसारखे पांढरे. साडेचारला गडगडाट, आणि पाऊस पूर्वेकडून आमच्यावर आला. गावात सगळेच म्हणतात, "घाटावरून येतोय." या दिवसांत वरचे वारे पूर्वेचे असतात. दिवसभर तापलेल्या डोंगरावर ढग चढतो, मग तो वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलतो. वाटेत बहुतेक रिता होतो. तालगावात बहिणीने फक्त विजा पाहिल्या.

याच्यापुढे महिनाभराने पाऊस बरोबर उलट्या दिशेने येईल. आपल्याकडे पावसाला दोन दारे आहेत, एक घाटाचे आणि एक समुद्राचे. वहीत प्रत्येक पावसापुढे "घा" किंवा "स" लिहायचे ठरवले.

१९ मे

काजूचा हंगाम संपत आला. डोंगरावर बोंडूंचा आंबूस वास अजून आहे. वळिवाने शेवटचे बोंडू खाली पाडले आणि भट्टीवाल्यांची घाई झाली. पावसाची वही ठेवते म्हटल्यावर प्रत्येक जण मला विचारतो, पाऊस कधी. मी अंदाज सांगत नाही, फक्त पडलेला पाऊस मोजते, असे उत्तर दिले की त्यांची निराशा होते.

८ जून

कालपासून वारा फिरला. आता नैऋत्य, सतत, रात्रीसुद्धा थांबत नाही. मृग लागले. केरळात पाऊस पोचायची सर्वसाधारण तारीख १ जून, आपल्याकडे त्यानंतर चार-सहा दिवसांत. २०२३ मध्ये बिपरजॉय वादळामुळे तो ११ जूनपर्यंत लांबला होता. तेव्हा विहिरीचा तळ दिसला होता, हे गावात अजून काढतात.

आजचा पाऊस: तालगाव ४८, साखळी ५२, आम्ही ६६, सुर्ला ९१. चारही "स". आठवीच्या मुलांना फळ्यावर हे चार आकडे एकाखाली एक लिहून दाखवले. एका मुलीने लगेच विचारले, "टीचर, ढग चढताना दमतो म्हणून पाणी टाकतो का?" दमतो नाही, गार होतो, असे सांगितले. समुद्रावरची दमट हवा डोंगराला आडवी धडकते. तिला बाजूने निघायला वाट नसते, म्हणून वर चढावे लागते. हजार मीटरमागे ती पाच-सहा अंशांनी गार होते. गार हवेत वाफ मावत नाही. जे मावत नाही ते पाऊस होऊन पडते. पण दमण्याची कल्पना मी पुसून टाकली नाही, मुलांच्या लक्षात तीच राहील.

२२ जून

दोन आठवड्यांची बेरीज केली. तालगाव ३१०, साखळी ३५२, आम्ही ४२८, सुर्ला ५९०, बेळगाव ३३८.

बेळगावचा आकडा मला पटत नाही. पर्जन्यछायेत बसलेले गाव किनाऱ्यावरच्या तालगावापेक्षा जास्त पाऊस कसा घेईल? पणजीची वर्षाची सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर, बेळगावची त्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे १३००. एखाद्या दिवशी उलटे होऊ शकते, चौदा दिवसांच्या बेरजेत नाही. मामांना फोन केला. ते दुखावले. "अगं, मी रोज चष्मा लावून बघतो, साडेआठच्या ठोक्याला. तुझं गणित चुकलं असेल."

मामा निवृत्त कारकून, त्यांच्या वहीत खाडाखोड नसते. चूक त्यांची नाही, याची मला खात्री आहे. मग कुणाची?

२५ जून

सापडली. मामांना सांगितले, स्वयंपाकघरातल्या मापाने बरोबर २०० मिलिलिटर पाणी घ्या आणि मोजायच्या पेल्यात ओता. १० ची रेघ यायला हवी. त्यांनी ओतले आणि म्हणाले, "वीस."

पेला चुकीचा होता. १०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकासाठी बनवलेला पेला २०० वाल्या मापकाबरोबर पाठवला गेला होता. तिथे १० मिलिलिटरला एक मिलिमीटरची रेघ, इथे २० ला हवी. म्हणून मामांचा प्रत्येक आकडा दुप्पट. खोक्यावर दोन्ही मापांचे क्रमांक सारखेच छापलेले. विकणाऱ्याला लिहिले, उत्तर आले की "मोजमाप ग्राहकाने तपासून घ्यावे." मला राग आला तो पैशांचा नव्हे. याच्याकडून शाळा मापके घेत असतील, मुले वर्षभर प्रामाणिकपणे खोटे आकडे लिहीत असतील.

बाकीचे चारही पेले आजच तपासले. ते बरोबर आहेत. बेळगाव आता १६९. मामांनी स्वतःच्या वहीत जुना आकडा एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहिला, आणि खाली सही केली.

६ जुलै

तरणा पाऊस लागला. पुनर्वसूला आमच्याकडे तरणा म्हणतात, त्याच्या मागून येणाऱ्या पुष्याला म्हातारा. आजची तारीख आणि पावसाचा जोर पाहता नाव शोभते.

सकाळी पावणेनऊला सुर्ल्याहून काकांचा फोन: "टीचर, बाटली उतू गेली." म्हणजे २०० च्या वर. नशिबाने बाहेरच्या डब्यात सांडलेले पाणी साठले होते. काकांनी ते चहाच्या पातेल्यात ओतून घेतले, सांडू दिले नाही, आणि पेल्याने मोजले. एकूण २३१.

२०४.५ च्या वर गेले की हवामान खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून खूप जोरदार. आमच्याकडे त्याच दिवशी ११८, साखळीत ८७, तालगावात ७०, बेळगावात ३४. एकाच दिवशी, एकाच ओळीवर, एकाच ढगाच्या पट्ट्याखाली. सुर्ल्याच्या एकट्या आकड्यावर कोणी "गोव्यात २३१ मिलिमीटर" लिहिले, किंवा तालगावच्या आकड्यावर "फारसा नाही" म्हटले, तर दोघेही खोटे बोलत नसतील. आणि आत्याच्या उपयोगाचे दोघांपैकी एकाचेच असेल.

काकांना आता दिवसातून दोनदा मोजायला सांगितले आहे. जोर असेल तर दर दोन तासांनी.

१७ जुलै

आज स्वतः वर गेले. केरीपासून अंजुणे धरणाचा फाटा मागे टाकून घाट चढायला लागले तोवर पाऊस पडत होता. अर्ध्या घाटानंतर तो पडायचा थांबला आणि आम्हीच त्याच्या आत शिरलो. बसचे दिवे दहा हातांवर संपत होते. काकांच्या दुकानाशी उतरले तेव्हा समोरचे दुकान दिसत नव्हते, फक्त चुलीचा धूर धुक्यापेक्षा थोडा निळा दिसत होता.

मापकाजवळ उभी राहून दहा मिनिटे नुसती बघत राहिले. वाऱ्याने थेंब आडवे जात होते. मापकाच्या तोंडावरून सरळ पलीकडे, जणू तिथे तोंडच नाही. दहापैकी कदाचित सात आत पडत असतील. शेजारच्या जांभळीच्या फांदीवर शेवाळ इतके जाड की बोट दुसऱ्या पेरापर्यंत रुतले. त्याच्या टोकाटोकाला पाणी जमून टपटपत होते. पाऊस नसतानाही झाडाखाली जमीन चिंब होती. ते पाणी आमच्या कोणत्याच रकान्यात येत नाही, पण ओढ्यात येते. म्हणजे सुर्ल्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच धरायला हवा. मापकाच्या पश्चिमेला, नियमाइतके अंतर सोडून, कमरेइतकी दगडी पाळ रचायचे ठरले.

परत येताना पायाला चार जळवा. काकांनी तंबाखूचे पाणी लावले. मग चहा दिला आणि त्यांची वही दाखवली. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांपासून त्यांनी पाऊस लिहायला घेतला आहे. एका टोकाने उधारी, दुसऱ्या टोकाने पाऊस.

२१ जुलै

ज्यासाठी हे मांडले तो दिवस आज आला.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन. तीन ते पाच, दोन तासांत ७४ मिलिमीटर, आणि अजून थांबलेला नाही. ७४ मिलिमीटर एका चौरस किलोमीटरवर पडले तर ७ कोटी ४० लाख लिटर पाणी होते. सुर्ल्याचा ओढा हे सगळे म्हादईत आणून टाकतो.

आमच्या खळ्यात त्या वेळी रिमझिम होती. कुणालाही वाटले नसते. टॉर्च घेऊन नदीवर गेले. पायऱ्या अकरा, पाणी सहाव्या पायरीखाली. आत्याला उठवले. तिने माझ्याकडे, मग आभाळाकडे पाहिले, आणि काही न विचारता तांदळाचा पिंप रिकामा करायला घेतला. शेजारची दोन पोरे आली. गुरे वरच्या मांगरात नेली. साडेसातला सगळे झाले होते.

पाणी हलले ते आठनंतर. सव्वानऊला वरून तिसऱ्या पायरीवर, रंग तांबडा, मधे एक आख्खे सावरीचे झाड वाहत गेले. तिथेच थांबले. घरात शिरले नाही. फोनपासून सर्वांत वरच्या पाण्यापर्यंत चार तास पाच मिनिटे.

साडेआठचे वाचन: सुर्ला १८६, आम्ही ६१.

चार तास. २०२१ ला आमच्याकडे चार मिनिटेही नव्हती.

२ ऑगस्ट

आज चुकलो, ते सविस्तर लिहायला हवे.

रात्री अकराला काकांचा फोन: कणकुंबीकडून आलेले ट्रकवाले सांगत होते, तिकडे धो धो कोसळतोय, रस्त्यावर पाणी. मी आत्याला लगेच कळवले. पुन्हा पिंप, पुन्हा गुरे, भर पावसात, रात्री. नदी सकाळपर्यंत एक पायरीही चढली नाही. आत्या बोलली काही नाही, पण सकाळी चहा दिला नाही.

नंतर नकाशा पुढे घेऊन बसले. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचे उगमस्थान. तिथे माथ्याच्या एका अंगाला पडलेला थेंब मलप्रभेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. कळसा ओढ्याच्या अंगाला पडलेला म्हादईतून पणजीला अरबी समुद्रात येतो. आणि आमच्याच घाटाच्या केरीच्या बाजूला पडलेला अंजुण्याकडून वाळवंटी नदीत, म्हणजे आधी साखळीकडे. एकाच डोंगरावरचा पाऊस, तीन वाटा. "वर पाऊस आहे" हे वाक्य नदीच्या दृष्टीने अपुरे आहे. कोणत्या उतारावर, हे हवे.

काल काकांच्या मापकात रात्रभरात फक्त २८ होते. मी तो आकडा विचारलाच नाही, ट्रकवाल्यांच्या शब्दावर फोन केला.

आजपासून नियम: ऐकीव माहितीवर फोन नाही. सुर्ल्याच्या मापकात दोन तासांत ५० च्या वर गेले तर आणि तरच. वाळवंटीच्या अंगासाठी साखळीच्या बाई घाटपायथ्याला केरीत कुणी मिळते का बघणार आहेत. साखळीला भरतीचाही प्रश्न आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खालचे पाणी लवकर निघत नाही, म्हणून त्यांच्या वहीत तिथीचा रकाना वाढवला.

संध्याकाळी आत्याकडे जाऊन हे सगळे सांगितले, नकाशासकट. तिने बोट ठेवून विचारले, "म्हणजे तो पाऊस पलीकडच्या लोकांचा होता?" हो म्हटले. "मग त्यांना कुणी फोन केला का, बाय?"

उत्तर नव्हते माझ्याकडे.

११ ऑगस्ट

पुन्हा फोन, या वेळी मापकातला: दोन तासांत ५८. पाणी सर्वांत वर आले दोन तास पन्नास मिनिटांत. जुलैपेक्षा सव्वा तास लवकर. जमीन आता पूर्ण भिजली आहे, मुरायला जागा नाही, पडेल ते सरळ ओढ्यात. चार तास हा भरवशाचा आकडा नाही. आत्याला यापुढे "अडीच तास धर" असे सांगितले आहे.

२० ऑगस्ट

सहा दिवस जवळजवळ कोरडे. श्रावणातले ऊन, मधेच एखादी सर. पावसाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे अशी उघडीप पडते, तिकडच्या नद्या फुगतात. भाताला थोडे ऊन हवेच होते. कुळागरात मात्र कोळेरोगाची फवारणी उरकायला सगळ्यांची धावपळ. पोफळीवर चढणारा माणूस मिळाला की ऊन जाते, ऊन मिळाले की माणूस नाही.

आतापर्यंतच्या बेरजा लावल्या. आमचा पाऊस १०० धरला तर सुर्ला १४२, साखळी ८३, तालगाव ७१, बेळगाव २७. माथा ओलांडून पुढच्या पन्नासेक किलोमीटरांत पाऊस पाचव्या हिश्शावर येतो. डोंगर उंच म्हणून नव्हे, हवेने चढ संपेपर्यंत बरेचसे पाणी टाकलेले असते आणि पुढे तिला वर ढकलणारे काही नसते म्हणून.

१४ सप्टेंबर

चतुर्थीच्या धामधुमीत तालगावची तीन वाचने राहिली. बहिणीने प्रांजळपणे रकाने रिकामे ठेवले, अंदाजाने भरले नाहीत. बेरजेत ते दिवस पाचही ठिकाणचे वगळले.

९ ऑक्टोबर

पाऊस पुन्हा घाटाच्या दाराने. वारा सकाळी पूर्वेचा, दुपारी ढग माथ्यावर, चारनंतर गडगडाट. आज बेळगाव ४१, सुर्ला ३३, आम्ही १७, साखळी ४, तालगाव ०. पूर्ण ओळ उलटी झाली. मामांनी स्वतःहून फोन केला, "पेला तपासला हं, बरोबर आहे." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मीही हसले.

खळ्यात मापकाशेजारी कापलेले भात होते, अर्धे भिजले. शेजारचे बाबा ताडपत्री ओढता ओढता म्हणाले, "जूनमध्ये वाट बघायला लावतो तोच हा." १७ मिलिमीटरने जुलैत कुणी मानही वर केली नसती.

२३ नोव्हेंबर

पावसाची वही बंद, तापमानाची सुरू. आज पहाटे सहाला आमच्याकडे १८.५ अंश, सुर्ल्याला २०. आठशे मीटर वर असूनही तिथे ऊबदार. वाराहीन, निरभ्र रात्री डोंगरउतारावरची गार, जड हवा घरंगळत खाली येते आणि आमच्यासारख्या खोलगट जागेत साठते. म्हादईवर धुक्याची पांढरी चादर, तिच्यावर डोंगर स्वच्छ. जुलैत धुके वर आणि आम्ही खाली, आता धुके खाली आणि काका उन्हात. काजूला मोहोर येईल तेव्हा हे धुके रेंगाळायला नको, हीच सगळ्यांची काळजी.

२९ नोव्हेंबर

चार मापके काढून धुतली, माळ्यावर ठेवली. सुर्ल्याचे काकांनी काढू दिले नाही. जांभळीखाली दुसरी बाटली लावून झाडावरून टपकणारे पाणी वेगळे मोजायचे त्यांच्या मनात आहे. नरसाळे चहाच्या जुन्या किटलीचे कापणार आहेत. त्याचे तोंड किती सेंटिमीटरचे भरते ते मोजून कळवायला सांगितले आहे, म्हणजे पेल्यावरच्या रेघा मी इथून काढून पाठवीन.

केरीत वाळवंटीसाठी एक घर मिळाले. कणकुंबीच्या बाजूला, मलप्रभेकाठी, मामांच्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. त्यांना पत्र लिहायला घेतले आहे. आत्या रोज विचारते, गेले का.